घरच्या लेथवर बार्शी लाइटचं इंजिन: बॉयलर आधी की चाकं आधी?

कुर्डुवाडीकर | 5 नोव्हेंबर, रात्री 9:42

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

माझे वडील कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात बॉयलर फिटर होते. मी चिंचवडला 31 वर्षं टर्नर होतो, आता निवृत्त. दुसऱ्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत टेबलावर बसणारा लेथ आहे, खांबाचं ड्रिल आहे, कानशी आणि टॅप-डाय पुरेसे आहेत. मनात एकच गोष्ट घर करून बसली आहे. बार्शी लाइटचं पहिल्या पिढीचं इंजिन, लीड्सच्या किटसन कंपनीचं, 0-8-4 चाकांचं (पुढे एकही नाही, मधे आठ जोडलेली, मागे बोगीची चार), खरोखर वाफेवर चालणारं. काचेच्या कपाटात ठेवायला नकोय. कोळसा टाकता आला पाहिजे आणि मागच्या ट्रॉलीवर बसवून नातवाला फेरी मारता आली पाहिजे.

गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, 5 इंची ठरवलाय. बार्शी लाइट अडीच फुटी, म्हणजे 30 इंच. 30 भागिले 5, बरोब्बर एक षष्ठांश. हिशेब इतका सरळ बसला की मला तो शकुनच वाटला.

आता प्रश्न. सुरुवात बॉयलरपासून करू का? वडील म्हणायचे, "इंजिन म्हणजे बॉयलर, बाकीचं सगळं त्याला लटकवलेलं." आणि बॉयलर स्वतः करावा की करवून घ्यावा? तांब्याचा पत्रा आणून ठेवलाय. ज्यांनी केलंय त्यांनी मोकळेपणाने सांगा.

---

भोळा_प्रश्न | 5 नोव्हेंबर, रात्री 10:05

आमच्याकडे भात तीन शिट्ट्यांत होतो. इंजिन किती शिट्ट्यांत होतं?
वाचतोय. फोटो मात्र हवेतच काका.

---

एचओवाला | 5 नोव्हेंबर, रात्री 11:20

काका, कोथरूडचं जोशी यांचं लघुरेल्वे संग्रहालय पाहिलंय का? भाऊ जोशींनी आयुष्यभर जमवलेलं, 1998 मध्ये लोकांसाठी खुलं झालं. शाळेत असताना मी तिथे गेलो आणि तेव्हापासून विजेवर चालणाऱ्या एचओ स्केलच्या, म्हणजे 1:87 मापाच्या, गाड्याच करतोय. माझं प्रामाणिक मत सांगतो: घरात दाबाखालची वाफ नको. एका फळीवर अख्खं स्टेशन, सिग्नल, घाट उभा राहतो. वाफेच्या एका इंजिनाला पाच-सहा वर्षं जातात आणि बरीच अर्धवट राहतात.

---

निखळ_गणित | 6 नोव्हेंबर, सकाळी 7:15

शकुनाला हात लावत नाही, पण वजनाचा हिशेब करून घ्या.

लांबी, रुंदी, उंची तिन्ही सहाने भागल्या की वजन 216 ने भागलं जातं. बार्शी लाइटवर एका आसावर 5 टनांची मर्यादा होती. जोडलेले चार आस म्हणजे 20 टन. 20,000 किलो भागिले 216, साधारण 93 किलो. हे फक्त जोडचाकांवरचं झालं. मागची बोगी धरली की शंभरीच्या बऱ्याच पुढे जाल. दुसऱ्या मजल्यावरून ते खाली कोण आणणार, आणि दर वेळी परत वर कोण नेणार?

तेच 20 टन साडेतीन इंची गेजवर 32 किलो होतात. अडीच इंची गेजवर प्रमाण 1:12, वजन 1,728 ने भागायचं, म्हणजे 12 किलोच्या आत. आणि शकुनच बघायचा तर हा जास्त चांगला आहे: अडीच फुटाला अडीच इंच. एका फुटाला एक इंच! आरेखनावर फूट वाचायचे आणि लेथवर तेवढेच इंच कापायचे.

---

कुर्डुवाडीकर | 6 नोव्हेंबर, दुपारी 1:30

गणितराव, हे डोक्यातच आलं नव्हतं. सकाळी वजनकाटा घेऊन लेथचं चक मोजलं, ते उचलतानाच कंबर बोलते. पण 12 किलोचं इंजिन माणूस ओढेल? नातू सात वर्षांचा आहे, माझं वजन 68.

---

मीरा_डर्बी | 6 नोव्हेंबर, सायंकाळी 6:50

ओढेल! काका, मी इंग्लंडमध्ये डर्बीला राहते आणि इथल्या एका मॉडेल इंजिनिअरिंग क्लबात नऊ वर्षं आहे. तुमचा धागा वाचून जेवण बाजूला ठेवलं.

तुमच्याच प्रश्नावर इथे 1922 च्या सुमारास मोठं भांडण झालं होतं. 'बॉयलरची लढाई' असंच त्याला म्हणतात. एवढ्या लहान इंजिनात कोळशावर चालणारा, खऱ्यासारख्या अनेक नळ्यांचा बॉयलर चालणारच नाही, स्पिरिटचे दिवेच हवेत, असं बहुतेकांचं म्हणणं. एल.बी.एस.सी. या टोपणनावाने लिहिणाऱ्या कर्ली लॉरेन्सने आपलं 'आयेशा' इंजिन पुढे केलं. गेज अडीच इंचच! कोळशावर, आणि मोठ्या माणसाला बसवून ओढणारं. तिथून घरगुती वर्कशॉपातल्या इंजिनांची दिशाच बदलली.

हिशेबही बसतो. चाक रुळावर घसरण्याआधी इंजिन आपल्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकं ओढतं. 12 किलोला दोन किलोच्या आसपास. बॉल बेअरिंगच्या ट्रॉलीवर बसलेल्या माणसाला सपाट रुळावर ओढायला तेवढं पुरतं. चढ मात्र नको.

अवांतर: बार्शी लाइट उभारणारे एव्हरर्ड कॅलथ्रॉप, त्यांनीच पुढे इथल्या स्टॅफर्डशायरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड लाइन बांधली, 1904 ची. तीही अडीच फुटी, इंजिनं किटसनचीच, आणि त्यातल्या एकाचं नाव चक्क 'ई. आर. कॅलथ्रॉप'. ती 1934 ला बंद पडली, आता त्या वाटेवर लोक सायकली चालवतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा सोबतच्यांना सांगत होते की या लाइनचा थोरला भाऊ आमच्या सोलापूर जिल्ह्यात होता. तिच्या इंजिनांची मॉडेलं इथे पुष्कळ होतात. तुमच्या इंजिनाचं मात्र मी तरी एकही पाहिलेलं नाही. करा काका.

---

माळकरी_सोलापूर | 6 नोव्हेंबर, रात्री 9:10

बार्शी लाइट म्हटलं की आजी. कुर्डुवाडीला मोठी गाडी सोडायची आणि पलीकडच्या छोट्या गाडीत बसायचं. डबा माळकऱ्यांनी भरलेला, कोणाच्या मांडीवर तुळस, कोणाच्या मांडीवर मी. खिडकीतून तोंड बाहेर काढलं की डोळ्यात कोळशाचा कण हमखास. आजी पदराचं टोक ओलं करून तो काढायची आणि म्हणायची, "विठोबाच्या वाटेवरचा बुक्का आहे रे." 1897 ला बार्शीपर्यंत आणि 1906 ला पंढरपूरपर्यंत ही लाइन गेली. आता सगळं ब्रॉडगेज.

काका, तुमच्या बॉयलरबद्दल मला काही कळत नाही. पण रुळावर आलं की सांगा, मी सोलापूरहून येतो.

---

अण्णा_उद्यमनगर | 7 नोव्हेंबर, सकाळी 8:05

कोल्हापूरहून. आमची छोटी फौंड्री आहे आणि मी स्वतः साडेतीन इंची एक इंजिन पुरं केलंय, दुसरं चालू आहे. त्यामुळे वडिलांचा मान राखून काकांच्या मूळ प्रश्नाला सरळ उत्तर देतो: बॉयलर आधी नको.

पहिलं कारण मापाचं. बॉयलर बसतो फ्रेमच्या दोन पत्र्यांमध्ये. फ्रेम आणि आस पक्के झाल्याशिवाय फायरबॉक्स (कोळसा जळतो ती पेटी) किती रुंद करायचा हे कागदावरच राहतं. दुसरं कारण मनाचं. फ्रेम, चाकं, सिलिंडर झाले की कॉम्प्रेसरची नळी लावून इंजिन हवेवर फिरवता येतं. ते एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढची दोन वर्षं कोणाच्या सांगण्याची गरज लागत नाही. एचओवाले म्हणतात तशी अर्धवट राहिलेली इंजिनं मी पाहिली आहेत. बहुतेक ठिकाणी सुंदर बॉयलर कपाटावर आणि खाली चाकांचा पत्ता नाही.

चाकांबद्दल: बिडाची करा. पॅटर्न (ओतकामाचा नमुना) सागवानाचा, आकसण्यासाठी शंभराला एक वाढवून. एका बाजूची क्रँक दुसऱ्या बाजूच्या 90 अंश पुढे हवी हे तुम्हाला माहीत असेलच. पण नवे लोक तो कोन काट्यावर आणायला रात्री घालवतात. कोन 89 झाला तरी इंजिन चालेल. चारही आसांवर तो एकसारखा नसला तर मात्र जोडदांडे अडकणार म्हणजे अडकणारच. म्हणून एकच जिग (काम ठरल्या कोनात धरून ठेवणारा साचा) करा आणि चारही आस त्याच जिगवर लावा.

---

कुर्डुवाडीकर | 7 नोव्हेंबर, रात्री 10:15

अण्णा, पटतंय आणि पटत नाही. बॉयलर जमला नाही तर बाकी सगळं वाया, मग अवघड काम आधी का करू नये? मी आयुष्यभर लोखंड कापलं, झाळकाम फारसं केलं नाही. म्हणूनच भीती त्याचीच आहे.

---

लहान_ठिणगी | 8 नोव्हेंबर, सकाळी 9:00

झाळायचंच असेल तर साधं शिशा-कथलाचं सोल्डर का नको? मी रेडिएटर त्यानेच दुरुस्त करतो, एकदा गळती नाही.

---

मीरा_डर्बी | 8 नोव्हेंबर, दुपारी 4:25

@लहान_ठिणगी, बॉयलरच्या सांध्याला ते नको. चौरस इंचाला 80 पौंड दाबावर वाफेचं तापमान साधारण 162 अंश असतं. 60-40 चं सोल्डर 183 ला वितळायला लागतं. मध्ये जेमतेम वीस अंश. पाणी क्षणभर खाली गेलं की सांधा पातळ होणार, आणि समोर ट्रॉलीवर नातू बसलेला.

चांदीचं सोल्डरच वापरायचं. ते 600 च्या वर वितळतं, तांबं 1,085 ला. दोघांच्या मध्ये भरपूर जागा आहे. कॅडमियम असलेलं मात्र घेऊ नका, त्याचा धूर फुप्फुसाला घातक आहे. स्वस्त मिळालं तरी नको.

---

तांब्याची_कळशी | 8 नोव्हेंबर, रात्री 8:40

तांब्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही. आमचे आजोबा पुण्याच्या तांबट आळीत, कसब्यात. बंब, घंगाळी, हंडे, सगळं मठारकाम हाताचं. लहानपणी सकाळी जाग यायची ती ठोक्यांनी.

काका, तुम्ही लोखंडाची माणसं. एक सवय आधी मोडा. पोलाद लाल करून पाण्यात बुडवलं की कडक होतं. तांबं लाल करून पाण्यात बुडवलं की लोण्यासारखं मऊ होतं. ठोकत गेलात की पुन्हा कडक होतं, आणि कडक झालेल्यावर ठोकत राहिलात की कडेला चीर पडते. बॉयलरच्या पुढच्या-मागच्या पत्र्यांच्या कडा फर्म्यावर वळवताना कानाने काम करा. ठोक्याचा आवाज 'ठप' चा 'टण' झाला की थांबा, पुन्हा तापवा. एका पत्र्याला चार-पाच वेळा तापवावं लागलं तर कंटाळू नका. फर्मा लोखंडाचा, कडा चांगल्या गोल केलेला. हातोडा लाकडी.

आजोबा झाळायला टाकणखार वापरायचे. स्वच्छता ही अर्धी झाळ, असं त्यांचं म्हणणं. बोटाचा तेलकट ठसा असला तरी तिथे धातू धावत नाही.

आणि बॉयलर करवून घेऊ नका. तुमच्या वडिलांचं काम होतं ते.

---

मीरा_डर्बी | 9 नोव्हेंबर, दुपारी 2:10

कळशीताई, 'ठप' चा 'टण', हे आमच्या क्लबात सांगणार आहे!

एक भर घालते. लोकांचा घात इथे होतो: तांबं उष्णता इतकी पळवतं की लहान ज्योतीने सांधा तापतच नाही. सोल्डर वर गोळ्या होऊन बसतं, माणूस आणखी घालत राहतो, आणि आत काहीच गेलेलं नसतं. मोठा प्रोपेन बर्नर घ्या, भोवती उष्णता धरणाऱ्या हलक्या विटांचं घर करा आणि सांध्यापेक्षा आजूबाजूचं अंग आधी तापवा. मग सोल्डर ज्योतीने नाही, तांब्याच्या उष्णतेने वितळतं आणि फटीत खेचलं जातं. आधी जास्त तापमानाचं सोल्डर, शेवटच्या सांध्यांना कमीचं, म्हणजे आधीचे सांधे सुटत नाहीत. प्रत्येक झाळीनंतर सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात रात्रभर ठेवून साफ करा.

बॉयलरला बसवायचे बूश पितळेचे नकोत. गरम पाण्यात पितळेतलं जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे भुसभुशीत तांबं उरतं, वरून दिसतही नाही. गनमेटल किंवा फॉस्फर ब्राँझ वापरा.

---

निखळ_गणित | 9 नोव्हेंबर, रात्री 9:30

काकांच्या भीतीचं उत्तर आकड्यांत. अडीच इंची इंजिनाचा बॉयलर साधारण 3 इंच व्यासाचा, पत्रा 2 मिमी, दाब 80 पौंड. गोल अंगावरचा ताण चौरस मिलिमीटरला साधारण 10.5 न्यूटन. मऊ केलेलं तांबं तुटायला दोनशेच्या आसपास लागतात. म्हणजे गोल भागाची काळजी नको.

काळजी सपाट भागाची. फायरबॉक्सची एक बाजू 60 मिमी चौरस धरा. तळहाताएवढी. तिच्यावर 200 किलोचा रेटा बसतो. आतला आणि बाहेरचा पत्रा एकमेकांना बांधणाऱ्या त्या बारक्या स्टेंची संख्या म्हणून कमी करायची नाही. 16 मिमीवर एक असा स्टे लावला तर प्रत्येकाच्या वाट्याला फक्त 14 किलो येतात.

---

पर्थकर | 10 नोव्हेंबर, सकाळी 6:20

ऑस्ट्रेलियात यासाठी लहान बॉयलरची स्वतंत्र लेखी संहिता आहे आणि तपासनीसाने शिक्का दिल्याशिवाय क्लबच्या रुळावर चाक ठेवता येत नाही. भारतात बॉयलरचा कायदा 25 लिटरपेक्षा लहान भांड्याला लागू नाही, आणि काकांचा बॉयलर एक-दोन लिटरचासुद्धा नसेल. पण काका, कायदा विचारत नाही म्हणून चाचणी सोडू नका. पूर्ण पाण्याने भरून, आत हवेचा बुडबुडा न ठेवता, हातपंपाने कामाच्या दुप्पट दाब. 80 चा बॉयलर 160 ला. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सांधा सुटला तर नुसती चिळकांडी उडते. हवेने किंवा वाफेने पहिली चाचणी कधीही करू नका.

---

भोळा_प्रश्न | 10 नोव्हेंबर, सकाळी 9:45

आई म्हणते, "त्या काकांना सांग, शिट्टी झाली की गॅस बारीक करायचा."

---

कुर्डुवाडीकर | 20 नोव्हेंबर, रात्री 9:00

ठरलं. अडीच इंची. एका फुटाला एक इंच. आणि अण्णा, तुमचंच ऐकलं: फ्रेम आधी. पण कळशीताईंचं वाचल्यावर राहवलं नाही, एक फर्मा करून एक पत्रा वळवून पाहिला. चार वेळा तापवला. तिसऱ्या वेळी 'टण' ऐकू आला. आता ती भीती राहिलेली नाही.

एचओवाले, तुमचा रागही आला नाही. इंजिन झालं की त्याला स्टेशन लागेलच.

---

एचओवाला | 20 नोव्हेंबर, रात्री 9:25

कुर्डुवाडीचा फलाट 1:12 मध्ये मी करतो. माझ्याकडे लागलं ते.

---

कुर्डुवाडीकर | 14 मार्च, रात्री 11:55

आज सिलिंडर हवेवर फिरले.

मधलं थोडक्यात: एका ठिकाणाहून मागवलेल्या चाकांच्या कास्टिंगमध्ये आठपैकी तीन आतून पोकळ निघाली, लेथवर शेवटच्या कापाला भोकं दिसली. अण्णांनी नवी ओतून पाठवली. सिलिंडर गनमेटलचे, अण्णांच्याच सांगण्यावरून. बिडाचे झिजायला चिवट, पण इंजिन पंधरा दिवस उभं राहिलं की आत गंज धरतो. चारही आस एकाच जिगवर लावले. तरी तिसरा दांडा अडकत होता. दोन रात्री शोधलं. शेवटी कळलं, दांड्याच्या बुशात एक बर (कापताना राहिलेली धातूची बारीक कड) राहिली होती.

सायकलचा पंप नातवाच्या हातात दिला. त्याने दहा-बारा वेळा मारला आणि चाकं फिरली. आधी एक झटका, मग थांबली, मग सरळ फिरायलाच लागली. वाल्व गिअरचा आवाज अगदी शिलाई मशीनसारखा. पंप सोडायला तयार नव्हता, साडेदहाला झोपवला.

---

अण्णा_उद्यमनगर | 15 मार्च, सकाळी 7:30

काका!! व्हिडिओ तीनदा पाहिला. पुढे जाताना आवाजाचे चार ठोके सारखे येतात, मागे जाताना एक लंगडतो. रिव्हर्सिंगच्या दांड्याची लांबी अर्धा मिमी इकडेतिकडे करून बघा.

---

कुर्डुवाडीकर | 2 ऑगस्ट, सायंकाळी 7:10

बॉयलर उभा राहिला. काल पाण्याची चाचणी घेतली. अण्णा कोल्हापूरहून पंप आणि तपासून घेतलेला दाबाचा गेज घेऊन आले, मीराताई व्हिडिओवर होत्या. 110 ला फायरबॉक्सच्या डाव्या बाजूच्या एका स्टेवर पाण्याचा थेंब दिसला. उतरवलं, साफ केलं, पुन्हा झाळलं, रात्र ॲसिडात ठेवलं. दुसऱ्या दिवशी 160. मीराताईंनी घड्याळ लावलं. वीस मिनिटं काटा हलला नाही.

वडिलांचा हातोडा माझ्याकडे आहे, लहान, गोल डोक्याचा. पुन्हा झाळण्याआधी तो स्टे त्यानेच दाबून घट्ट केला होता.

आता वाफ. नोव्हेंबरमध्ये सोसायटीच्या आवारात 30 फूट रूळ टाकायची परवानगी मिळाली आहे.

---

माळकरी_सोलापूर | 2 ऑगस्ट, रात्री 8:00

तारीख सांगा. तिकीट काढतो. बुक्का मी आणतो.

---

भोळा_प्रश्न | 2 ऑगस्ट, रात्री 8:20

आणि शिट्टी? माझा मूळ प्रश्न नऊ महिने तसाच आहे.

---

कुर्डुवाडीकर | 2 ऑगस्ट, रात्री 8:45

भोळ्या, शिट्टीच अडलीय बाबा. मापाप्रमाणे केली तर पाऊण इंचाची होते आणि चिमणीच्या पिलासारखी चिरकते. कुर्डुवाडीची शिट्टी खालच्या सुरात होती. मीराताई, तिकडे काय करतात?

---

मीरा_डर्बी | 2 ऑगस्ट, रात्री 10:30

वर दिसायला लहान खोटी शिट्टी बसवतात. खरी नळी लांब करून पायफळीखाली आडवी लपवतात. एका टोकाला बंद नळीत सूर लांबीवर ठरतो, लांबी दुप्पट केली की सूर एक सप्तक खाली येतो. तुमच्या फ्रेमच्या बाजूने सहा इंच तरी जागा निघेल. आधी कुर्डुवाडीच्या शिट्टीचा सूर गुणगुणून रेकॉर्ड करून पाठवा, मग लांबी काढू.